उभ्या ट्रकची बॅटरी

डिचोली तालुक्यात ट्रक हा शब्द उच्चारला की त्याबरोबर एका कुटुंबाचा संसार डोळ्यांपुढे येतो. शिरगाव, मये, लामगाव, मुळगाव, वेळगे या गावांतून खनिज भरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत जाणारे ट्रक बहुतांशी मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. ते घर गहाण ठेवून, सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढून घेतलेले, एका माणसाच्या मालकीचे, क्वचित दोघा भावांच्या भागीत चालणारे असे आहेत. खाणीवर भरायचे, धक्क्यावर रिते करायचे, तेथून बार्जने माल मांडवीमार्गे मुरगांव बंदराला जायचा, हा क्रम १९५० नंतरच्या दशकापासून चालत आला. जपानच्या पोलाद कारखान्यांनी गोव्याच्या लोखंडाला मागणी केली तेव्हापासून या तालुक्याचे रस्ते तांबडे झाले.

हा क्रम दोनदा तुटला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणी थांबविल्या व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक यांस मनाई केली. ती मनाई एप्रिल २०१४ मध्ये अटींवर उठली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद झाल्या. त्यानंतर लिलावाचा मार्ग अवलंबिला गेला, आणि डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ साली उत्खनन पुन्हा सुरू झाले. या निकालांचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. आजचा विषय त्या काळात अंगणात, माडांच्या बागेत, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभे राहिलेले ट्रक हा आहे. आणि त्यातही त्या ट्रकचा सर्वांत आधी मरणारा अवयव.

एंजिन दोन वर्षे उभे राहिले तर ते बिघडते, पण मरत नाही. टायर उन्हाने तडकतात, तरी वर्षभर टिकाव धरतात. बॅटरी मात्र तीन-चार महिन्यांतच अशा अवस्थेला पोहोचते, की पुढे तिच्यावर कितीही वीज ओतली तरी ती उठत नाही. पुन्हा काम सुरू झाल्याची वार्ता आली आणि मालकाने किल्ली फिरविली, तर सेल्फचा एक क्षीण टक् असा आवाज येतो व सारे शांत होते. हाती पैसा नसताना पहिला खर्च येतो तो हा. आणि २४ व्होल्टच्या ट्रकला बॅटऱ्या दोन लागत असल्यामुळे तो दुप्पट येतो. म्हणून ही वस्तू निवडावी कशी आणि राखावी कशी, याचा विचार पेडणे-डिचोलीकडील ट्रकमालकाला केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही, तो पोटाचा होतो.

शिशाच्या बॅटरीचा शोध गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. १८८१ मध्ये त्याचाच देशबांधव कामीय फोर याने शिशावर शिशाच्याच प्राणिदांचा लेप देऊन तिची शक्ती वाढविली. तेव्हापासून आजवर तिची मूळ रचना बदललेली नाही, ही यंत्रयुगातील एक नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. बारा व्होल्टच्या पेटीत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात सुमारे दोन व्होल्टचा एक घट, प्रत्येक घटात एकाआड एक धन आणि ऋण प्लेटी, आणि त्या सर्व गंधकाम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडालेल्या. वीज खर्च होते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश प्लेटींत शिरतो, दोन्ही प्रकारच्या प्लेटींवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि उरलेले द्रावण पाणचट होते. वीज भरली की हीच क्रिया उलटी घडते. आम्ल पुन्हा दाट होते. हायड्रोमीटरने त्या द्रावणाची दाटी मोजता येते, म्हणजेच बॅटरीत किती वीज उरली आहे हे डोळ्यांनी पाहता येते. मनुष्याच्या नाडीपरीक्षेहून ही परीक्षा अधिक निश्चित आहे.

आता उभ्या ट्रकमध्ये काय घडते ते पाहण्यासारखे आहे. वीज खर्च झाल्यावर बनणारे सल्फेट आरंभी अतिसूक्ष्म कणांचे, मऊ असते, आणि लगेच वीज भरली तर ते विरघळून जाते. पण तसेच राहू दिले तर हे कण एकमेकांना धरून मोठे होऊ लागतात, जसे काकवीच्या भांड्यात तळाशी साखरेचे खडे धरतात. हे खडे कठीण असतात, विजेला वाट देत नाहीत आणि प्लेटीचे तोंड बंद करून टाकतात. ट्रक नुसता उभा असला, एकही दिवा लागत नसला, तरी बॅटरी आपोआप आतल्या आत रिकामी होत असते. जुन्या पद्धतीच्या, अँटिमनीमिश्रित शिशाच्या बॅटरीत गोव्याच्या हवेत महिन्याला दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक वीज अशी वाया जाते. कॅल्शियममिश्रित शिशाच्या नव्या बॅटरीत ही गळती पुष्कळच कमी असते. पण तापमान दहा अंशांनी चढले की गळतीचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा नियम दोघींनाही सारखाच लागू आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली उभ्या असलेल्या ट्रकची बॅटरी म्हणूनच पावसाच्या आधीच अर्धमेली झालेली असते.

त्यात आणखी एक चोर लपलेला असतो. ट्रकवर जीपीएसचे उपकरण बसविलेले असेल, घड्याळ किंवा गाणी वाजविणारे यंत्र असेल, तर ते रात्रंदिवस थोडी थोडी वीज घेत राहते. हिशेब करून पाहावा. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअरचा विसावा हिस्सा. चोवीस तासांत तो १.२ अँपिअर-तास होतो. शंभर अँपिअर-तासांची चांगली भरलेली बॅटरी या एकाच गळतीने सहा आठवड्यांत अर्धी रिकामी होते. दर महिन्याची नैसर्गिक गळती यात धरलेलीच नाही. सबब ट्रक महिनाभराहून अधिक उभा राहणार असे दिसताच बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, किंवा तेवढ्यासाठी मिळणारा कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. हे काम एका पान्याचे आणि दोन मिनिटांचे आहे. तरी ते केले जात नाही, कारण उद्या-परवा काम सुरू होईल ही आशा प्रत्येक मालकाला असते. २०१२ च्या सप्टेंबरात ती सर्वांनाच होती.

पुष्कळ घरांतून एक पद्धत दिसते. आठवड्यातून एकदा एंजिन चालू करायचे, दहा मिनिटे धुगधुगत ठेवायचे आणि बंद करायचे. यात बॅटरीची सेवा झाली असे समाधान मिळते. प्रत्यक्षात तिची सेवा फारशी होत नाही. एंजिन सुरू करण्यास पाचशे अँपिअर प्रवाह पाच सेकंद लागला असे धरले, तर खर्च एक अँपिअर-तासाहूनही कमी होतो, हे खरे. तेवढे अल्टरनेटर भरून काढील, हेही खरे. परंतु आठवडाभराची आपोआप झालेली गळती, आणि मागल्या महिन्यांचे सल्फेट, दहा मिनिटांच्या मंद गतीत भरून निघत नाही. जुन्या जीपला किंवा पहिल्या पिढीतील ट्रकला डायनॅमो असेल तर मंद गतीत त्याचा कट-आउट उघडाच राहतो, म्हणजे बॅटरीत काहीच जात नाही. डिझेल मात्र जळते, आणि थंड एंजिनात तयार झालेली ओल तेलात उतरते. ट्रक चालवायचाच असेल तर तो साखळीपर्यंत जाऊन परत यावा, निदान पाऊण तास रस्त्यावर राहावा. ते शक्य नसेल तर बॅटरी काढून घरात आणावी.

घरात आणलेल्या बॅटरीला महिन्यातून एकदा तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या प्रवाहाने भरावे. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीस दहा अँपिअर. सर्व कप्प्यांतून सारखे बुडबुडे येऊ लागले आणि तीन तासांच्या अंतराने हायड्रोमीटरने पाहिलेला आकडा वाढेनासा झाला, म्हणजे ती भरली. स्वतः दाब नियंत्रित करणारा लहान चार्जर मिळत असेल तर तो अधिक बरा. पावसाळ्यात वीज जाणे हे खेड्यांतून नित्याचे असल्यामुळे काही लोक छोटा सौर पत्रा वापरतात. तोही चालतो, मात्र त्याला नियंत्रक हवा, आणि आषाढातील गोमंतकीय आभाळाकडून फार अपेक्षा ठेवू नये. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर जमीन वीज शोषून घेते, असा एक समज सर्वत्र आहे. लाकडी खोक्यांत डांबर लावून बॅटऱ्या बनत त्या काळी त्याला काही आधार होता. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला त्याची बाधा नाही. खाली फळी घातल्याने अर्थात काही बिघडत नाही, आणि आजोबांचा शब्दही राहतो.

गोव्याच्या या दोन तालुक्यांत बॅटरीचे शत्रू मात्र वेगवेगळे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

डिचोलीकडे मुख्य शत्रू हादरा. खाणीच्या चढउतारावर, खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर दहा टनांचे ओझे घेऊन जाणारा ट्रक बॅटरीला अहोरात्र झोडपत असतो. प्लेटींवरचा लेप त्यामुळे सैल होऊन कणाकणाने तळाशी झडतो. तो गाळ वाढत वाढत प्लेटींच्या टोकांना भिडला, की त्या कप्प्यात आतल्या आत विजेची गाठ पडते आणि बारा व्होल्टची पेटी दहाची होते. म्हणून बॅटरीला धरून ठेवणारी चौकट व तिचे दोन्ही बोल्ट हे बॅटरीइतकेच महत्त्वाचे आहेत. ते गंजून गेले म्हणून सुंभाने बांधलेली किंवा ट्यूबच्या पट्टीने आवळलेली बॅटरी पुष्कळ ट्रकांत दिसते. हजारो रुपयांची वस्तू काही रुपयांच्या बोल्टासाठी मारण्याचा हा प्रकार आहे. खाली रबराचा जाड तुकडा घालावा आणि चौकट अशी आवळावी, की पेटी हलू नये व दबूही नये.

दुसरा शत्रू तांबडी धूळ. कोरडी धूळ निरुपद्रवी असते. पण भरताना उडालेले आम्लाचे तुषार आणि पावसाळी दमटपणा तिच्यात मिसळला की पेटीच्या माथ्यावर चिखलाचा एक पातळ थर बसतो, आणि तो थर धन टोकाकडून ऋण टोकाकडे वीज वाहून नेतो. व्होल्टमीटरचे एक टोक धन टर्मिनलवर व दुसरे नुसते पेटीच्या माथ्यावर टेकविले असता काटा हलला, तर ही गळती चालू आहे असे समजावे. बुचे घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याचे पाणी कापडाने फिरवावे, फेस थांबेपर्यंत पुसावे आणि मग साध्या पाण्याने धुवावे. सोड्याचा एक थेंबही आत जाता कामा नये.

पेडण्याकडे वेगळे चित्र आहे. तेथील जुनी वाहने काजूच्या डोंगरावर चढणाऱ्या जीपा, पठारावरून चिरे वाहणारे ट्रक आणि मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्यालगत रात्र काढणारी वाहने अशी आहेत. मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला व डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पण विमानतळापासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीत जीपेवाचून जाता येत नाही अशा वाटा आजही आहेत. या भागात खारा वारा धातू खातो. टर्मिनलवर पांढरा-हिरवट क्षार जमतो, तारेच्या आत तांबे काळे पडते, आणि सर्वांत दुर्लक्षित अशी एंजिन व चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजते. पुष्कळशा बॅटऱ्या निर्दोष असताना फाशी जातात त्या या पट्टीपायी. हिशेब पुन्हा साधाच आहे. पाचशे अँपिअर प्रवाहाच्या वाटेत ओहमच्या हजाराव्या भागाचे चार भाग एवढाही अडथळा आला, तर दोन व्होल्ट तेथेच जळतात. बारातून दोन गेले की सेल्फला फिरणे जड होते. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे एंजिनच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्या माणसास सेल्फ मारावयास सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर दोष बॅटरीत नाही, तारेत आहे. ही परीक्षा न करता नवी बॅटरी विकत घेणे म्हणजे पडसे झाले असता दात काढून घेण्यासारखे आहे.

टर्मिनल साफ करताना आधी ऋण टोक काढावे आणि बसविताना ते शेवटी बसवावे. हा क्रम लहरीचा नाही. धन टोक सोडविताना पाना चुकून चॅसिसला लागला आणि ऋण टोक जोडलेलेच असले, तर पाना लाल होऊन चिकटतो आणि अंगठी घातलेल्या बोटाची दुर्दशा होते. साफ केलेल्या टोकावर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. टोक घट्ट बसविल्यानंतर द्यावा, आधी नव्हे.

आता निवडीकडे वळू. दुकानातील नव्या बॅटरीवर अनेक आकडे असतात, आणि त्यांतील सगळेच येथल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेले नसतात. थंडीत एंजिन फिरविण्याची क्षमता दाखविणारा एक आकडा असतो. तो शून्याखाली अठरा अंश तापमानात मोजलेला असतो. कॅनडातील किंवा युरोपातील ट्रकवाल्याला तो आकडा जीव की प्राण. पेडण्यात पौष महिन्यात अंगावर घोंगडी घ्यावी लागते, याहून अधिक थंडी कोणी पाहिलेली नाही. येथे बॅटरीला मारणारी गोष्ट उष्णता आहे. तेव्हा तो आकडा दोन बॅटऱ्यांची आपसांत तुलना करण्यापुरता पाहावा, आणि मुख्य भर अँपिअर-तासांवर व प्लेटींच्या जाडीवर द्यावा. शंभर अँपिअर-तास याचा रूढ अर्थ पाच अँपिअर प्रवाह वीस तास मिळेल असा आहे. पेटी एकाच आकाराची असताना एखादी बॅटरी दुसरीपेक्षा लक्षणीय हलकी लागली, तर आत शिसे कमी आहे हे उघड आहे. शिशाला पर्याय म्हणून कोणत्याही जाहिरातीत शिसे सापडत नाही.

मूळ कंपनीने सांगितलेल्या क्षमतेहून कमी क्षमतेची बॅटरी स्वस्त पडते म्हणून बसविण्याचा मोह होतो. ती सुरुवातीला चालते. पण जुन्या डिझेल एंजिनाची दाबक्षमता घसरलेली असते, पंपाचा वेळ सरकलेला असतो, आणि एका सेल्फऐवजी चार मारावे लागतात. तेव्हा तिला रोज तळ गाठावा लागतो. उलट क्षमता थोडी वाढविली तर तोटा नाही, मात्र पेटी खणात बसली पाहिजे, टर्मिनलची बाजू व उंची जुळली पाहिजे, आणि अल्टरनेटरला ती भरता आली पाहिजे. डायनॅमोच्या जुन्या जीपमध्ये भली मोठी बॅटरी घातली तर ती कायम अर्धपोटी राहते व सल्फेटने मरते. जुन्या लष्करी जीपा मुळात सहा व्होल्टच्या होत्या हेही ध्यानात ठेवावे. तशी एखादी जीप हाती आली असेल तर आधी तिची वायरिंग कोणी बारा व्होल्टची केली आहे की नाही, हे बल्बावर वाचून घ्यावे.

पाणी घालण्याची बॅटरी घ्यावी की बंद झाकणाची, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जो मालक स्वतः बुच उघडून पाहतो, त्याला खाणीवरच्या ट्रकसाठी पाण्याची बॅटरी अधिक उपयोगी. कारण प्रत्येक कप्प्याची नाडी स्वतंत्र पाहता येते, आणि जुना रेग्युलेटर थोडा अधिक भरत असला तरी गेलेले पाणी परत घालता येते. जो पाहणारच नाही त्याने बंद झाकणाची घ्यावी, परंतु आधी चार्जिंग तपासून घ्यावे. बारा व्होल्टच्या गाडीत एंजिन चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्ट, चोवीसच्या गाडीत त्याच्या दुप्पट, ही मर्यादा ओलांडत असेल तर बंद बॅटरी आतून सुकते व कोणाला कळतही नाही. काचेच्या लोकरीत आम्ल शोषून ठेवलेल्या बॅटऱ्याही आता मिळतात. तिरप्या चढावर चढणाऱ्या जीपला त्या उत्तम, कारण आम्ल सांडत नाही आणि हादराही सोसतो. पण त्या महाग असतात, आणि एंजिनालगतच्या उष्णतेत त्यांचे आयुष्य झपाट्याने कमी होते. चिरे वाहणाऱ्या ट्रकला एवढा खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

चोवीस व्होल्टच्या ट्रकला बॅटऱ्या जोडीने घ्याव्या. एक मेली म्हणून एकच नवी बसविली तर जुनी लवकर रिकामी होते, नवी अर्धीच भरली असता रेग्युलेटरला दोन्ही भरल्याचा भास होतो, आणि सहा-आठ महिन्यांत नवीही जुनीच्या वाटेने जाते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या असाव्या. गाण्याच्या यंत्रासाठी किंवा पंख्यासाठी दोहोंपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढून घेण्याची खोड पुष्कळ ड्रायव्हरांना असते. तिचाही परिणाम हाच. ज्यांना बारा हवे त्यांनी चोवीसातून बारा करणारा परिवर्तक बसवावा.

बनण्याची तारीख वाचल्याखेरीज बॅटरी घेऊ नये. आम्ल भरून आलेली बॅटरी दुकानाच्या फळीवरही वयात येत असते. सहा महिने चार्जिंगशिवाय पडून असलेली ‘नवी’ बॅटरी ही अंगणात उभ्या असलेल्या ट्रकमधील बॅटरीचीच सख्खी बहीण. दुरुस्त करून नवा रंग दिलेल्या बॅटऱ्याही मोठ्या सवलतीत विकल्या जातात. ज्याला आठवडाभर ट्रक बंद पडला तरी चालेल, त्याने ते धाडस करावे.

पाणी हा एक स्वतंत्र विषय आहे, कारण अज्ञानाने सर्वांत अधिक हानी येथे होते. प्लेटी नेहमी बुडालेल्या असाव्या. वर बोटाच्या पेराहून थोडे कमी द्रावण असावे. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. तेव्हा घालावयाचे ते पाणीच, आणि तेही ऊर्ध्वपातित, ज्याला दुकानात डिस्टिल्ड वॉटर म्हणतात. डिचोलीच्या चिरेबंदी विहिरीचे पाणी पिण्यास गोड असेल. पण जांभ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात लोखंडाचा अंश असतो, आणि लोखंड बॅटरीत शिरले की धन आणि ऋण प्लेटींमध्ये येरझारा घालून तिला आतून रिकामी करते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी ‘डिस्टिल्डच की’ म्हणून घालणारे हुशार लोकही आढळतात. त्या पाण्याबरोबर नळ्यांवरची धूळ व धातूचे अंश येतात. आम्लाचा जोर वाढावा म्हणून वरून आम्ल घातले तर हायड्रोमीटर खूष होतो आणि प्लेटी खाक होतात. ॲस्पिरिनची गोळी टाकण्याचा जुना उपायही याच जातीचा. त्या दिवसापुरता ट्रक सुरू होतो, आणि शिशाची जाळी कायमची कुरतडली जाते. पाणी बॅटरी भरून झाल्यावर घालावे. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या झाकण्यापुरते घालावे.

भरलेल्या बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व १.२४० ते १.२८० या मर्यादेत, उत्पादकाने लिहिले असेल त्याप्रमाणे असते. उष्ण प्रदेशासाठी ते मुद्दाम थोडे कमी ठेवतात. आकडे २७ अंश तापमानासाठी असतात. मे महिन्यात द्रावण ३७ अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात ०.००७ मिळवावे. एका कप्प्याचा आकडा इतरांहून ०.०५० ने खाली असेल तर तो कप्पा गेला. एखादा कप्पा गेलेली बॅटरी दुरुस्त होईल या आशेवर चार्जिंगच्या दुकानात आठ-आठ दिवस ठेवणे व्यर्थ आहे. हायड्रोमीटर नसेल तर ट्रक रात्रभर उभा ठेवून सकाळी व्होल्टमीटर लावावा. १२.६ च्या वर असल्यास बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली गेल्यास तिला चार्जिंग हवे, आणि १२ च्या जवळ आली तर ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ मारताना हाच आकडा दहाच्या खाली कोसळला, तर बॅटरीची शक्ती संपत आली आहे किंवा सेल्फ अडकत आहे.

जुन्या ट्रकचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. यांत्रिक पंपाचे डिझेल एंजिन एकदा सुरू झाले की त्याला बॅटरीची गरज उरत नाही. म्हणून ड्रायव्हर मेलेल्या बॅटरीने महिनोन्‌महिने काम रेटतात. ट्रक रात्री उतारावर लावायचा, सकाळी सोडून गिअर टाकायचा. खाणीच्या उतारावर ही युक्ती भयंकर ठरते, कारण एंजिन सुरू होईपर्यंत हवेचा दाब भरलेला नसतो आणि ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय बॅटरीवाचून फिरणाऱ्या अल्टरनेटरचा दाब एकाएकी चढून त्याचे डायोड जळतात. बॅटरीचे वाचविलेले पैसे अल्टरनेटरला जातात.

बॅटरी भरताना हायड्रोजन आणि प्राणवायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा चारावर गेले, की एका ठिणगीने स्फोट होतो, पेटी फुटते आणि आम्ल तोंडावर येते. म्हणून चार्जिंग बंद खोलीत करू नये, जवळ विडी ओढू नये, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत. दुसऱ्या ट्रकवरून वीज घेताना शेवटचा ऋण चिमटा मेलेल्या बॅटरीला न लावता लांब, एंजिनच्या उघड्या धातूला लावावा. ठिणगी पडायची ती तेथे पडो. बारा व्होल्टच्या गाडीवरून चोवीसच्या ट्रकला ही मदत मुळीच घेऊ नये. आम्ल डोळ्यात गेल्यास लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटे धुवावा आणि नंतर दवाखान्यात जावे. घरगुती औषध शोधण्यात वेळ घालवू नये.

शेवटी मेलेल्या बॅटरीचा प्रश्न राहतो. खाणी बंद पडल्यावर दोन्ही तालुक्यांतील भंगाराच्या आवारांत अशा बॅटऱ्या पाठविण्याखेरीज कित्येक मालकांना गत्यंतर उरले नाही. भंगारवाला पुष्कळदा आम्ल आधी ओतून रिकामी पेटी आणावयास सांगतो, कारण त्याला वजन फक्त शिशाचे हवे असते. ते आम्ल निर्दोष नसते. त्यात विरघळलेले शिसे असते, आणि घराच्या मागे ओतलेले आम्ल पहिल्याच पावसात पाटातून कुळागरात किंवा विहिरीत पोहोचते. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते व एकदा शरीरात गेलेले शिसे सहजासहजी बाहेर पडत नाही. कोळशाच्या भट्टीत शिसे वितळवून विकणे हा तर त्याहूनही घातक धंदा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने जारी केलेल्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तत्पूर्वी २००१ च्या नियमांनीही विक्रेत्याला त्या परत घेणे भाग होते. शिशाच्या बॅटरीतील जवळजवळ सर्व शिसे पुन्हा वापरता येते. तेव्हा मेलेली बॅटरी आम्लासह, बुचे घट्ट लावून, उभी ठेवून विक्रेत्याकडेच न्यावी, आणि नव्या बॅटरीच्या बिलात तिची रक्कम वजा झाली आहे की नाही ते तेथेच पाहून घ्यावे.